निळीचा शुक्रवार

पहाटे ५:१५

गुरुवारी पाणी बंद असलं की शुक्रवारी ते उशिरा आणि कमी दाबानं येतं, हे पुणेकराला कुणी सांगावं लागत नाही. वाहिन्या रिकाम्या झालेल्या असतात. त्या आधी भरतात, मग सखल भागातली घरं, आणि आमच्यासारख्या चढावरच्या गल्लीचा नंबर शेवटी लागतो. कर्वेनगरातली आमची इमारत १९९८ची. खाली पार्किंग, वर सात मजले, मजल्यावर चार बिऱ्हाडं. म्हणजे २८ घरं आणि शंभराच्या आसपास माणसं. मी बँकेतून निवृत्त झाले आणि लगेचच सोसायटीच्या सेक्रेटरीचं काम माझ्याकडे आलं. पगार नाही, सुट्टी नाही, पण काम मला मनापासून आवडतं.

रात्रपाळीचे वॉचमनदादा पार्किंगमधल्या टाकीचं झाकण उघडून थांबलेले असतात. आमच्याकडे एक जुना बांबू आहे, त्यावर फुटाफुटाला लाल खुणा केल्या आहेत. टाकीच्या मापानं एक फूट म्हणजे साधारण साडेतीन हजार लिटर. आज बांबू दीड फुटापर्यंतच ओला निघाला. त्यातलंही तळाचं पाऊण फूट हिशोबात धरता येत नाही. फूट व्हॉल्व्ह उघडा पडला की मोटर हवा ओढते, आणि एकदा हवा धरली की प्रायमिंग करत बसावं लागतं.

माणशी दिवसाला १३५ लिटर हा शहरातल्या पाणीपुरवठ्याचा ठरलेला हिशोब. शंभर माणसांना साडेतेरा हजार झाले. गच्चीवरच्या टाकीत दहा हजार आहेत. टँकर सांगायचा तर आत्ताच सांगावा लागेल, कारण आठनंतर सगळा परिसर फोन लावतो. मी सांगत नाही. सहा ते नऊ पाणी सोडायचं आणि मग संध्याकाळपर्यंत बंद ठेवायचं, असं ठरवून ग्रुपवर लिहिते. नुसतं ‘पाणी जपून वापरा’ लिहिलं की कुणी मनावर घेत नाही. ‘वर दहा हजार लिटर आहे, नऊला कॉक बंद करणार’ असं लिहिलं की घरोघरी बादल्या भरल्या जातात आणि फोन येत नाहीत.

६:४०

एक फोन येतोच, ७०३चा. शॉवरला धार नाही. टाकी त्यांच्या डोक्यावर, आणि पाणी सगळ्यांत कमी त्यांनाच, हा त्यांना अन्याय वाटतो. त्यांचं म्हणणं खरं आहे. दाब मिळतो तो टाकी नळाच्या किती वर आहे त्यावर. दहा मीटर उंचीला साधारण एक बार. पहिल्या मजल्याला दोन बारच्या आसपास मिळतात, म्हणून त्यांच्या नळांचे वॉशर सारखे जातात. सातव्या मजल्याच्या शॉवरच्या वर टाकीचा तळ जेमतेम तीन मीटर. तिथे धार येणार कुठून? वरच्या दोन मजल्यांसाठी गच्चीवर छोटा प्रेशर पंप बसवायचा विषय मी वार्षिक सभेच्या यादीत घातला आहे. तसं त्यांना सांगते. ते म्हणतात, “मॅडम, सभेत आमच्या बाजूनं बोला.” बोलणार आहे.

८:००

सात वाजून गेल्यावर करंगळीएवढी धार सुरू झाली, ती आठपर्यंत मनगटाएवढी झाली. टँकरचे पैसे वाचले आणि नऊला कॉक बंद करायची गरजही उरली नाही.

आता कचऱ्याच्या ताई आल्या. ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था. १९९३मध्ये उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून ती घडली आणि २००८पासून महापालिकेशी झालेल्या करारानुसार तिचे सभासद घरोघरचा कचरा उचलतात. आमच्या ताई ढकलगाडी पार्किंगच्या कोपऱ्यात लावतात आणि ओला-सुका पुन्हा एकदा हातानं बघून घेतात. वेगळं करून द्यायची जबाबदारी घनकचरा नियमांनी आपल्यावर टाकलेली आहे, त्यांच्यावर नाही. तरी एका घरातून वापरलेले डायपर सुक्या कचऱ्यात उघडे यायचे. ग्रुपवर नियम टाकून झाला, लिफ्टमध्ये कागद चिकटवून झाला. शेवटी त्या घरातल्या सूनबाईंना मी म्हटलं, “पाच मिनिटं खाली ये.” ताई पुठ्ठे आणि दुधाच्या पिशव्यांमधून ते डायपर काढून बाजूला ठेवत होत्या. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रात गुंडाळलेली, लाल ठिपका दिलेली पुडी वेगळी येऊ लागली, ती आजतागायत.

शुक्रवारी मी आणखी एक काम करते. गुरुवारसाठी भरून ठेवलेले ड्रम आणि पिंपं लोक तशीच ठेवून देतात. पावसाळ्यात डेंगीचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यांतून उडता डास तयार होतो. म्हणून शुक्रवारी जिन्यानं उतरताना दारं वाजवत येते: कालचं पाणी झाडांना घाला, पिंप पुसून पालथं करा. पहिल्यांदा लोकांना हे आगाऊपणाचं वाटायचं. आता दोन-तीन घरं दारातूनच सांगतात, “काकू, पालथं केलंय.”

९:३०

आजचं मोठं काम ३०२चं.

त्यांच्या बाथरूमच्या छताला ओल आहे. पावसाळा सुरू झाल्यापासून ती वाढली आणि आता बाथरूमची भिंत ओलांडून आतल्या खोलीत आली. ३०२नं फोटो ग्रुपवर टाकले. ४०२नं लिहिलं, आमचं बाथरूम कोरडं आहे, मागच्याच वर्षी टाइल्स बदलल्यात. ३०२नं लिहिलं, मग काय आकाशातून गळतंय? दोघांच्या बाजूनं अंगठे उमटले. ज्यांचा या दोन घरांशी काही संबंध नाही अशा माणसांनी मतं दिली. एकाच जिन्यावरून जाणारी ही दोन कुटुंबं गेले काही आठवडे एकमेकांकडे बघतही नव्हती.

ग्रुपवर लिकेज कधीच दुरुस्त होत नाही. फोटोत ओल दिसते, पण त्या खोलीचा वास येत नाही. ज्याच्या घरातून पाणी झिरपतं त्याच्या घरात खरोखरच सगळं कोरडं असतं. तो खोटं बोलत नसतो. पाणी त्याच्या लादीखाली असतं आणि दुसऱ्याच्या डोक्यावर पडतं. म्हणून मी अशा भांडणात आधी काहीच ठरवत नाही. वरच्याला खाली नेते.

४०२च्या काकांच्या दारात जाऊन म्हटलं, “काका, दोन मिनिटं माझ्याबरोबर खाली येता का? काही कबूल करायचं नाही, कुठं सही करायची नाही. फक्त बघायचं.” ते शर्ट चढवून आले. काकू मागोमाग आल्या.

३०२च्या आजी ऐंशीच्या पुढच्या. ज्या खोलीत ओल आली ती त्यांची. त्यांचा पलंग भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणला होता, त्यामुळे कपाटाचं एक दार उघडत नव्हतं. छताचा रंग पोपडे धरून खाली लोंबत होता. कोपऱ्यात बुरशीची काळी बारीक ठिपक्यांची नक्षी, आणि तिच्या कडेनं मिठासारखा पांढरा क्षार फुटलेला. बाथरूममध्ये कमोडच्या शेजारी स्टीलचं पातेलं ठेवलं होतं आणि त्यात थेंबाचा आवाज होऊ नये म्हणून जुना पंचा घातला होता. रात्री त्या आवाजानं आजींना झोप लागायची नाही. काकूंनी पंचाला हात लावून पाहिला. चिंब होता.

काका बराच वेळ वर बघत उभे राहिले. मग म्हणाले, “हे एवढं आहे, हे मला फोटोत कळलं नव्हतं हो.”

आजी म्हणाल्या, “बसा ना, चहा टाकते.” सूनबाईंच्या चेहऱ्यावर चहा नव्हता, आणि तिला दोष देता येणार नाही. तीच रोज ते पातेलं उपसत होती. काका बसले नाहीत. म्हणाले, “आधी शोधू या कुठून येतंय ते.”

१०:४५

प्लंबरभाऊ आले. हे आमच्या इमारतीचे जुने माहीतगार. कुठल्या डक्टमध्ये कुठला पाइप उतरतो हे त्यांना नकाशापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्यांनी आधी ४०२चे सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर फिरतो का ते पाहिलं. फिरला नाही. म्हणजे दाबाची लाइन फुटलेली नाही. गळतंय ते सांडपाण्याच्या बाजूनं किंवा लादीखालून.

मग त्यांनी साधी युक्ती केली. नहाणी ट्रॅपचं तोंड चिंध्यांनी बंद केलं, बाथरूममध्ये दोन बोटं पाणी साठवलं आणि त्यात कपड्यांची नीळ ओतली. सगळं बाथरूम शाईसारखं निळं झालं. “आता याला हात लावायचा नाही. खाली निळं आलं तर इथूनच. नाही आलं तर बाहेरची भिंत बघू.”

या दोन शक्यतांमध्ये पैशांचाही प्रश्न आहे. गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून किंवा सामायिक पाइपमधून गळत असेल तर दुरुस्तीचा खर्च सोसायटीचा. घराच्या आतल्या बाथरूम-संडास-सिंकमुळे गळत असेल तर त्या सभासदाचा. उपविधींमध्ये हे स्पष्ट आहे. तरी मी नियमाचं पुस्तक बरोबर नेलं नव्हतं. नियम कामाला येतो, पण दोन्ही घरांनी एकच गोष्ट डोळ्यांनी पाहिल्यावर. त्याआधी दाखवला तर तो धमकीसारखा लागतो.

११:३०

ऑफिस म्हणजे पार्किंगमधली मीटररूमशेजारची खोली. टेबल, लोखंडी कपाट, भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र. या खोलीत मला नेहमी एक गोष्ट बरी वाटते. श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकारानं १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी सहकारी तत्त्वावर घरं उभी केली, आणि भाडेकरूच्या जागी सभासद आला. महाराष्ट्राचा सहकारी संस्थांचा कायदा १९६०चा. आज राज्यभर माझ्यासारखी माणसं अशाच खोल्यांत बसून पावत्या फाडतात, तेव्हा ते शंभर वर्षांपूर्वी सुरू झालेलं काम पुढे चालवत असतात.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी, आणि नोटीस १४ दिवस आधी प्रत्येकाच्या हातात. लेखापरीक्षकांचा अहवाल आला आहे. एक जाड फाइल मात्र वर्षानुवर्षं हलली नव्हती: जमीन अजून बांधकाम करणाऱ्याच्याच नावावर आहे. १९६३च्या कायद्यानं त्यानं ती सोसायटीच्या नावे करून द्यायची असते. तो करत नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो, ही सोय २००८च्या दुरुस्तीनं आली. पुनर्विकासाच्या गप्पा आमच्याकडेही सुरू झाल्या आहेत. नव्या घरात किती चौरस फूट जास्त मिळतील, हे जो तो विचारतो. मी सगळ्यांना एकच म्हणते, आधी पायाखालची जमीन आपली करू या. अर्जाची कागदपत्रं आज क्रमानं लावून झाली.

१०१मधले गृहस्थ बिल घेऊन आले. “आम्ही पहिल्या मजल्यावर. लिफ्ट वापरत नाही. तिचे पैसे सातव्या मजल्याएवढे का?” हा प्रश्न रास्त वाटतो आणि उत्तर ठरलेलं आहे. लिफ्टचा खर्च इमारतीतल्या सगळ्या सभासदांत सारखा, कुणी वापरो न वापरो. पाण्याचा खर्च नळांच्या संख्येवर, दुरुस्ती आणि सिंकिंग फंड बांधकामाच्या किमतीवर, वॉचमन-सफाई-जिन्यातली वीज सारखी. मी पान काढून दाखवलं. त्यांना पटलं नाही. सभेत विषय मांडायचा त्यांना पूर्ण अधिकार आहे, तसा अर्ज मी लिहून घेतला आणि पोच दिली.

दुपारी १:२०

वीज गेली आणि लिफ्ट चौथ्या-पाचव्याच्या मध्ये थांबली. आत ६०२च्या काकू आणि ५०४कडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी.

वीज गेल्यावर बॅटरीवर लिफ्ट जवळच्या मजल्याला येऊन दार उघडावं, अशी सोय आमच्या लिफ्टमध्ये आहे. आज ती चालली नाही. लोक धावले आणि एकानं दाराच्या फटीत बोटं घातली. वॉचमनदादांनी त्याला हात धरून मागे घेतलं. लिफ्ट मजल्यांच्या मध्ये असताना दार ओढून माणसाला बाहेर घेणं यासारखं धोक्याचं काही नाही. मधेच हलली तर जीव जातो. पंखा फिरत नसला तरी आत हवा येत असते, गुदमरायला होत नाही. भीतीनं मात्र होतं.

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. ४०४मधली कॉलेजची मुलगी जिन्यात, दाराच्या बरोबर समोर बसली आणि आत आवाज देऊन बोलत राहिली. काकू, भाजी काय आणली? मावशी, तुमच्या नातवाचं बारसं झालं का? पाचव्या मजल्यावरचे दोघे पायऱ्यांवर येऊन बसले. कुणीतरी टॉर्च फटीतून आत धरला. वीस-पंचवीस मिनिटांत वीज आली, लिफ्ट पाचव्याला लागली आणि मावशी हसत बाहेर आल्या. ६०२च्या काकूंचे हात थरथरत होते. ५०१मध्ये त्यांना पाणी मिळालं, साखर मिळाली, आणि त्या तिथेच जेवून वर गेल्या.

लिफ्टच्या देखभालीवाल्यांना फोन करून बॅटरी बदलायची तक्रार नोंदवली, नंबर रजिस्टरात लिहिला.

२ ते ४

या दोन तासांत ड्रिल नाही, हातोडा नाही. ६०१चं नूतनीकरण चालू आहे, तिथले सुतार खाली पार्किंगमध्ये डबे उघडून बसतात. हा ठराव झाला तेव्हा काहींना वाटलं, पुणेरी वामकुक्षीची सोय. ठरावामागे २०३मधली नर्स होती. महिन्यातले कित्येक दिवस ती रात्रपाळी करून येते आणि दुपारी झोपते. तिनं कधी तक्रार केली नव्हती. तिच्या शेजारणीनं सभेत उठून सांगितलं आणि ठराव एकमतानं झाला.

याच वेळी घरकामाच्या बायका दोन कामांच्या मध्ये थोडा वेळ टेकतात. पार्किंगमधलं स्वच्छतागृह पूर्वी कुलपात असायचं. सकाळी सहापासून दुपारपर्यंत चार-पाच घरची कामं करणाऱ्या बाईनं लघवीला जायचं कुठे, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांनी कधी विचारला आहे? मी कमिटीत हाच विषय पहिला मांडला होता. किल्ली आता वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्याला असते, आत साबण असतो, आणि सफाईचा खर्च सामायिक आहे. काही सोसायट्यांत कामवाल्यांसाठी वेगळ्या लिफ्टच्या पाट्या दिसतात. आपल्या घरी आपलं जेवण रांधणाऱ्या माणसाला ही पाटी दाखवणं मला लाजिरवाणं वाटतं, आणि मी ते प्रत्येक सभेत म्हणणार.

४:४०

३०२मधून फोन आला. सूनबाईंचा आवाज दबलेला होता. “काकू, या.”

मी काकांना घेऊनच गेले. पातेल्यातल्या पंचावर फिक्या निळ्या रंगाचा, पावलीएवढा डाग पडला होता. वर पाइपच्या सांध्यापाशी, जिथे ट्रॅप स्लॅबमधून खाली येतो, तिथे एक निळा थेंब तयार होत होता. आम्ही चौघं मान वर करून उभे. थेंब फुगला, लांबला आणि पडला. कुणीच काही म्हटलं नाही.

प्लंबरभाऊंनी सांगितलं ते असं. टाइल्स बदलताना जुन्या फोडल्या, तेव्हा खालचा ब्रिकबॅट कोबा दुखावला आणि ट्रॅपचा सांधा सैल झाला. वरून चकचकीत टाइल, खालून चाळणी. नुसतं व्हाइट सिमेंट भरून उपयोग नाही. बाथरूम पूर्ण फोडायचं, सांधा नव्यानं करायचा, कोबा, वॉटरप्रूफिंग, मग एक दिवस पाणी तुंबवून खात्री, आणि त्यानंतर टाइल. आठ ते दहा दिवस.

काकांच्या डोळ्यांपुढे गेल्या वर्षीचा खर्च आला असणार. ज्या कंत्राटदारानं ते काम केलं तो आता फोन उचलत नाही. ते एवढंच म्हणाले, “सोमवारी सुरू करू.” मी नियमाचं पुस्तक उघडलंच नाही.

६:००

पार्किंगमध्ये मुलं क्रिकेट खेळतात, टेनिसच्या चेंडूनं, आणि गाडीला चेंडू लागला की आउट, असा त्यांचाच नियम. केबिनसमोर खोक्यांची रास. ज्येष्ठांचा कट्टा भरला आहे. २०२चे आजोबा पार्सल नेणाऱ्या पोराला पाणी विचारतात, रोज विचारतात.

७:३५

परदेशातून फोन. ५०४च्या आजींचा मुलगा म्युनिकला असतो. “काकू, आई फोन उचलत नाहीये. बघाल का जरा?”

असे फोन आमच्या इमारतीत तीन-चार घरांसाठी येतात, पुण्यात कुठल्याही जुन्या सोसायटीत येत असतील. माझ्या ड्रॉवरमध्ये त्या घरांच्या किल्ल्या आहेत, प्रत्येकीला दोऱ्यानं नंबर बांधलेला. किल्ली घेऊन जिना चढताना पायऱ्या लांबतात. मी आधी बेल वाजवते, दोनदा. मग नाव घेऊन हाक मारते. किल्ली लावायची वेळ आली तर शेजारच्या घरातल्या कुणाला तरी सोबत घेते, एकटीनं आत जात नाही.

दार उघडलं. आजी समोर, हातात वाती वळायचा कापूस. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला, आवाज बंद. मी तिथूनच मुलाला व्हिडिओ लावून दिला. त्याचा चेहरा आधी घाबरलेला, मग सैल झालेला, मग आईवर रागावलेला. आजी म्हणाल्या, “अरे, स्वयंपाकाच्या मावशी लिफ्टमध्ये अडकल्या होत्या, त्यांची गोष्ट ऐकत बसले, आवाज मीच बंद केला होता.” मला बसवलं, वाटीत थालीपीठ आणि लोणी दिलं. मी खाल्लं. त्या एकट्या जेवणार होत्या, आणि कुणी समोर बसलं की त्या दोन घास जास्त खातात, हे मला माहीत आहे.

म्युनिकला बसलेल्या मुलाला वाटणारी काळजी आपल्याला कमी करता येत नाही. पण एका फोनवर दार वाजवायला कुणीतरी आहे, एवढं आम्ही त्याला देऊ शकतो. वेगळ्या बंगल्यात ही सोय कुठून असणार?

९:१५

कमिटीची बैठक माझ्या घरी. सभेची तारीख ठरली, प्रेशर पंपाची दोन दरपत्रकं मागवायचं ठरलं, १०१चा अर्ज यादीत घेतला, लिफ्टच्या बॅटरीचा खर्च मंजूर. गणपतीची वर्गणी गेल्या वर्षीएवढीच. अभिहस्तांतरणाच्या कागदांवर अध्यक्षांची सही झाली.

मग ३०२ आणि ४०२ला आत बोलावलं. खर्चाचा प्रश्न काकांनी स्वतःच सोडवला: बाथरूम त्यांचं, आणि ३०२च्या छताचा गिलावा आणि रंगही त्यांच्याकडे. रंग मात्र छत पुरतं वाळल्यावर, म्हणजे दिवाळीच्या सुमारास. राडारोडा लिफ्टनं न्यायचा नाही, गोण्या जिन्यानं उतरवायच्या. लिफ्टची क्षमता सहा माणसांची, ४०८ किलोची आहे आणि विटांच्या तुकड्यांना ती सोसत नाही. फोडायचं काम सकाळी दहा ते दोन, आणि चार ते सहा.

उरला एक प्रश्न, जो कुणी काढला नव्हता. ४०२मध्ये एकच बाथरूम आहे. आठ-दहा दिवस तीन माणसांनी आंघोळ कुठे करायची? काकू म्हणाल्या, माझी बहीण वारज्याला आहे, तिकडे जाऊ. पावसात रोज वारज्याला?

३०२च्या सूनबाई इतका वेळ गप्प होत्या. सकाळपासून त्यांचं आणि काकूंचं एक वाक्यही झालं नव्हतं. त्या काकूंकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाल्या, “आमच्याकडे येऊ देत. गळणं थांबलं की आमचं बाथरूम मोकळंच आहे.”

काकू म्हणाल्या, “अगं, तुमची सकाळची घाई असते.”

“सासूबाई आठला उठतात. त्याआधी तुमचं होईल.”

मग दोघींनी कागद ओढला आणि वेळा लिहायला घेतल्या. काकूंच्या मुलाचं कॉलेज सातचं, म्हणून त्याचा नंबर पहिला, साडेसहाचा. मग काका. गीझर कुणी आधी लावायचा, टॉवेल कुठे वाळत घालायचे. गुरुवारी पाणी नसतं, तेव्हा दोन बादल्या ४०२नं बुधवारीच भरून खाली आणून ठेवायच्या, ही अट सूनबाईंनी घातली आणि काकूंनी ती मान्य केली.